रागावता, पण येता

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. उपासनेच्या शेवटी पाळक विचारतात, कुणाला काही सांगायचं आहे का, आणि एखादा भाऊ किंवा बहीण उठून पुढे येते. मी आधी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी असा आहे, अशी ती साक्ष असते. दारू सुटलेले, जुगार सुटलेले, तुटलेले संसार पुन्हा जुळलेले लोक मी अकोल्याच्या त्या बाकांवर बसून ऐकले आहेत. त्यातल्या अनेकांना जवळून ओळखतो, म्हणून ती साक्ष खरी आहे हेही जाणतो. पण मला स्वतःला तिथे उभं राहायला फार वर्षं जमलं नाही, कारण साक्षीचा शेवटचा भाग माझ्याजवळ नव्हता. मी तापट होतो. प्रभू भेटल्यावरही माझा तापटपणा गेला नाही.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. सरकारी नोकरी, आधी अकोला जिल्हा, मग अमरावती. दर्यापूर-तेल्हाऱ्याकडचा खारपाण पट्टा, वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागा, शेवटी धारणी-चिखलदऱ्याचे डोंगर. गावात जायचं, माणसं उजेडात तपासायची, चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकानं स्पर्श कळतो का पाहायचं, कोपराजवळची शीर जाड झाली आहे का ते बोटांनी चाचपायचं, औषध सुरू करायचं आणि मग ते पूर्ण होईपर्यंत त्या माणसाचा पाठपुरावा करायचा. या कामाला धीर लागतो. देवानं मला इतर काही गुण दिले असतील, धीर दिला नव्हता.

वऱ्हाडात ख्रिस्ती माणूस आणि कुष्ठरोग यांचं नातं लोकांच्या मनात पक्कं आहे. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. अमरावतीत दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन ख्रिस्ती नाही, पण मिशनरी वृत्तीचा दाखला देताना लोक तेच नाव घेतात. त्यामुळे मी नोकरीला लागलो तेव्हा वरिष्ठांपासून गावच्या सरपंचापर्यंत सगळ्यांनी एकच गृहीत धरलं होतं, की हा ख्रिस्ती आहे, म्हणजे हा शांत असेल, जखमांवर फुंकर घालणारा असेल. हे गृहीत धरणं प्रेमाचं होतं. तरी ते माझ्या अंगावर वजनासारखं बसलं.

आमचं घराणं मुळात दुष्काळाच्या पोटी ख्रिस्ती झालेलं. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत वऱ्हाडात माणसं रस्त्याच्या कडेला पडत होती. अलायन्स मिशननं तेव्हा अकोल्यात मुलांचा आणि खामगावला मुलींचा अनाथाश्रम चालवला. आमच्या आजोबांचे वडील त्या अकोल्याच्या आश्रमात वाढले. आईबाप कोण, गाव कोणतं, त्यांना नीट सांगता येत नसे. आमच्या घराण्याचा इतिहास सांगितला जातो तो या मुलापासूनच. त्याच्या आधी अकोल्यात मार्कस आणि जेनी फुलर हे दांपत्य येऊन राहिलं होतं. जेनीबाईंनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालअपेष्टांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते 1900 साली निघालं, आणि त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. लहानपणी ही नावं आम्ही संतांच्या नावांसारखी ऐकली. त्यांच्या स्वभावात काही उणं असेल असं कुणी कधी बोललं नाही. आज मला वाटतं, ही आमच्या मंडळ्यांची फार मोठी चूक आहे. आपल्या आधी गेलेल्या माणसांचे दोष पुसून त्यांच्या कथा मुलांना सांगितल्या, की ज्या मुलात दोष आहे ते मूल आपोआप त्या कथेच्या बाहेर पडतं.

मी रागावायचो कशावर, तेही सांगायला हवं. आमच्या भागात बहुविध औषधोपचार आला, ज्याला आम्ही एमडीटी म्हणतो, तेव्हा ते खरंच नवल होतं. त्याआधी डॅप्सोनची गोळी माणसं वर्षानुवर्षं, काही तर जन्मभर घेत. आता पाकिटात रोगाच्या प्रकाराप्रमाणे दोन किंवा तीन औषधं: महिन्यातून एकदा आमच्यासमोर घ्यायचा रिफॅम्पिसिनचा डोस, आणि रोज घरी घ्यायच्या बाकीच्या गोळ्या. कमी जंतूंचा प्रकार असेल तर सहा महिने, जास्त जंतूंचा असेल तर पूर्वी दोन वर्षं, पुढे एक वर्ष. औषध फुकट, घरपोच. पहिल्या डोसनंतर थोड्याच दिवसांत माणूस दुसऱ्याला रोग देईनासा होतो. आणि एवढं हातात असूनही लोक मध्येच औषध सोडायचे. लघवी लाल झाली म्हणून घाबरायचे. कापूस वेचायच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून ठरल्या तारखेला यायचे नाहीत. तोवर शीर मरून बोटं वाकायला लागायची. वाकलेली बोटं औषधानं सरळ होत नाहीत. मला ते डोळ्यांसमोर दिसायचं आणि माझा आवाज चढायचा.

एक बाई आठवतात. क्लोफाझिमिन या औषधानं कातडी काळपट पडते, औषध संपल्यावर काही महिन्यांनी पुन्हा पूर्ववत होते. त्या बाईंनी गोळ्या गाडग्यात लपवून ठेवल्या होत्या. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, “लेकीले पाह्याले पाव्हने येनार हायेत साहेब. माय अशी काळीठिक्कर दिसली त काय म्हनतीन लोकं?” मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर पाहिलं तर त्यांची मुलगी दारात उभी होती. त्या बाईंना शहाणपण कमी नव्हतं. लेकीचं लग्न आणि स्वतःची बोटं यांतून त्यांनी लग्न निवडलं होतं, आणि असा हिशेब करायची पाळी त्यांच्यावर गावानं आणली होती. हे कळायला मला फार वेळ लागायचा नाही, सायकलवर टांग टाकून गावाबाहेर पडेपर्यंत कळायचं. पण शब्द आधीच तोंडातून गेलेले असायचे.

रात्री प्रार्थनेला बसलं की हेच. प्रभू, मला या कामातून काढ, इथे माझ्यापेक्षा मऊ माणूस पाठव. ही प्रार्थना मी पुष्कळ काळ केली. ती मान्य झाली नाही.

एका रविवारी पाळकसाहेबांनी नामानावर संदेश दिला. अरामी सेनापती, त्याच्या अंगावरचा रोग, यार्देन नदीत सात वेळा बुडी. संदेश चांगला चालला होता, आणि मग नेहमीचं वळण आलं: पाप हा आत्म्याचा कुष्ठरोग आहे. माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी बहीण बसायची. तिचा रोग केव्हाच बरा झालेला, पण दोन्ही हातांची बोटं आत वळलेली. प्रभुभोजनाच्या वेळी ती प्याला दोन मनगटांत धरायची, कुणी मदतीला हात पुढे केला तर मानेनं नको म्हणायची. उपासना संपल्यावर ती मला म्हणाली, “भाऊ, मी त बारा वर्साची होती. मी काय पाप केलं होतं?”

मी पाळकसाहेबांकडे गेलो, आणि या वेळी मला राग आवरावासा वाटला नाही. त्यांना सांगितलं की हा एका जंतूचा रोग आहे. नॉर्वेच्या हॅन्सेननं 1873 मध्ये तो जंतू शोधला. तो आनुवंशिक नाही, शाप नाही, आणि कुणाच्या वागण्याचं फळ तर मुळीच नाही. आपण व्यासपीठावरून ही उपमा दिली, की बाहेर मी महिनाभर घरोघर जे सांगत फिरतो ते पुसलं जातं. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बहिणीला मी स्वतः भेटायला जातो.” ते गेले, आणि त्यानंतर त्यांच्या तोंडून ती उपमा मी पुन्हा ऐकली नाही. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आणखी एक गोष्ट बोलले. तुझा राग सगळाच टाकून देण्यासारखा नाही, त्यातला कुणासाठीचा किती आणि स्वतःसाठीचा किती, हे निवडत जा. मला तोवर राग ही एकच गोष्ट वाटत होती. त्यात निवड करता येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

याच सुमाराला शाळेतून निवृत्त झालेल्या, मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गुरुजींनी मला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिलं. अभ्यासक्रमातला एखादा उतारा वाचला होता, अख्खं पुस्तक हातात घेतलं नव्हतं. नारायण वामन टिळक आमच्यासाठी उपासना संगीतातलं नाव होतं. मराठी चर्चमध्ये त्यांच्या गीतांशिवाय रविवार जात नाही. त्यांचा फोटो पाहून मी समजत होतो की हा माणूस जन्मभर चंदनासारखा असेल.

लक्ष्मीबाई तसं काही दाखवत नाहीत. त्यांच्या पुस्तकातले टिळक क्षणात पेटतात. घरात कुणाला न सांगता निघून जातात. पैसा त्यांच्या हातात टिकत नाही, घरात काय शिजणार याची त्यांना अनेकदा दखलच नसते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार दिला, तिथून त्यांच्या मनाचा प्रवास सुरू झाला, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या एका गोष्टीनं लक्ष्मीबाईंचं सगळं आयुष्य उलटंपालटं झालं, काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. एवढं झाल्यावर टिळकांचा स्वभाव बदलला असेल अशी आशा धरून मी पानं उलटत होतो. बाप्तिस्म्यानंतरचे टिळकही तापतात. तसेच चटकन निवतातही, आणि रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी अंगावरचं देऊन टाकतात. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 1919 मध्ये ते गेले. शेवटपर्यंत ते टिळकच होते. आणि याच माणसानं आम्हाला आमच्या भाषेत देवाशी बोलायला शिकवलं.

मी ते पुस्तक धारणीच्या एका विश्रामगृहात वाचून संपवलं. बाहेर पाऊस लागलेला होता आणि रस्ता बंद होता, म्हणून वेळ मिळाला. त्या रात्री मला जे वाटलं त्याला दिलासा म्हणावं तर तो हलका शब्द होईल. देव कुणाला कामाला घेतो याची माझ्या डोक्यातली यादी चुकीची निघाली होती. दोष गेल्यावर कामाला घेतात, अशी ती यादी होती. टिळकांना तसं घेतलेलं दिसत नव्हतं.

पण त्या पुस्तकाचा अर्धा भाग मी तेव्हा वाचूनही वाचला नव्हता. तो मला घरी कळला. मी उत्साहानं बायकोला टिळकांबद्दल सांगत होतो. ती भाजी निवडत होती, ऐकत होती. तिनं विचारलं, “आणि लक्ष्मीबाईंना ते कसं झालं असेल?” पुढे म्हणाली, “तुम्ही खेड्यातल्या माणसांची माफी मागून येता, मला सांगताही. घरी कोण मागणार?” तेव्हा मी परत पुस्तकाकडे गेलो. तापट माणसाच्या शेजारी राहणाऱ्या बाईचं ते पुस्तक आहे. नवऱ्याचे दोष तिनं सूड म्हणून लिहिलेले नाहीत आणि झाकलेलेही नाहीत, आणि तिचं प्रेम त्या दोषांची नोंद घेऊनच उभं आहे. अपुऱ्या माणसाला देव वापरतो, या वाक्याची किंमत कुणी दुसरं माणूस भरत असतं. ते माणूस नजरेआड करून जो विश्वासातून उत्तेजन घेतो, तो अर्धवट उत्तेजन घेतो, असं माझं मत त्या दिवसापासून आहे.

लक्ष्मीबाईंकडून मला आणखी एक मिळालं. ख्रिस्ती नवऱ्याकडे आल्यावरही त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. दुसऱ्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरेना. त्या हे लपवत नाहीत. ते कसं हळूहळू गेलं, मन कसं अडत होतं, तेही सांगतात. मला हे वाचताना माझं पाणी आठवलं. रुग्णाच्या घरी गेलं की आधी पाणी येतं. तांब्या पुढे करणारा हात वाकड्या बोटांचा असतो, आणि त्या घरातली सगळी माणसं तुम्ही पिता की नाही याकडे पाहत असतात. सुरुवातीला माझ्या घशात ते पाणी अडायचं. जंतू पाण्यातून येत नाही हे मी इतरांना शिकवत होतो, परीक्षेत त्याचे गुण मिळवले होते, तरी अडायचं. मी ख्रिस्ती, दुष्काळातल्या अनाथाचा वंशज, माझ्या पणजोबांना त्या आश्रमात कुणीतरी स्वतःच्या हातानं भरवलं असणार, आणि माझा घसा बंद. हा दोष रागाइतका उघड नव्हता, म्हणून मी तो कुणाला दाखवला नाही. तो मात्र गेला. कोणत्या दिवशी गेला सांगता येत नाही, पीत राहिलो आणि गेला. एक दोष जातो आणि दुसरा राहतो, असं का, हे मी ठरवणारा नव्हे.

पवित्र शास्त्रात मला पौल आणि बर्णबा यांचं भांडण फार मोलाचं वाटतं. त्याच्यावर संदेश कमी होतात. दोघं एकत्र सुवार्तेला निघालेले, सोबत तरुण योहान मार्क. तो पंफुलियातून अर्ध्या वाटेवरच परत फिरला. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला त्याला घेऊ, पौल म्हणाला नको, आणि वाद इतका वाढला की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटाकडे गेला, पौल सीलाला घेऊन दुसऱ्या वाटेला लागला. लूकनं हे लिहून ठेवलं, सारवासारव केली नाही. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल सांगतो की येताना मार्कला घेऊन ये, मला सेवेसाठी त्याचा उपयोग आहे. मधल्या काळात काय झालं, कुणी कुणाची माफी मागितली, काही दिलेलं नाही. पण ज्याला पौलानं रागानं बाजूला केलं होतं त्याचंच नाव तो शेवटच्या दिवसांत घेतो. माझ्यासारख्याला ती ओळ पुरते. याच पौलानं आपल्या देहातल्या काट्याबद्दलही लिहिलं आहे. तो काढावा म्हणून त्यानं तीन वेळा विनंती केली आणि काटा काढला गेला नाही, फक्त कृपा पुरेशी आहे असं उत्तर आलं. तो काटा कसला होता यावर विद्वान वाद घालतात. तो काढला गेला नाही यावर वाद नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

आता पायाबद्दल लिहितो, कारण माझ्या विश्वासाचं खरं शिक्षण तिथे झालं. रोगाची उपमा मी कशालाही देणार नाही, ते वर सांगितलंच. पण बरी झालेली माणसं आपल्या पायाची जी निगा राखतात, तिच्यापुढे मी शिष्य म्हणून बसलो.

गोळ्यांनी जंतू मरतात, माणूस बरा होतो. मेलेली शीर मात्र परत येत नाही. पायाला स्पर्श नाही, दुखणं नाही. पॉल ब्रँड या डॉक्टरांनी वेल्लोरला राहून जगाला दाखवलं की कुष्ठरोग्याची बोटं रोगानं झडून पडत नाहीत, दुखणं न कळल्यामुळे रोजच्या इजांनी झिजतात. चपलेत खडा गेला तरी माणूस दिवसभर चालतो. उकळत्या चहाचा पेला हातात धरून ठेवतो. पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत रुततात, कापूस लाल झाल्यावर कळतं. म्हणून रोज संध्याकाळी पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे, घट्टे खरबरीत दगडानं हलके घासायचे, ओलसर असतानाच तेल लावायचं, आणि मग तळवा डोळ्यांनी पाहायचा, स्वतःला दिसत नसेल तर घरच्या माणसाकडून पाहून घ्यायचा. चप्पल मऊ एमसीआर रबराची, खिळे न मारता चिकटवलेली, कारण खिळा वर आला तर त्या पायाला सांगता येणार नाही. हे सगळं बरं झाल्यानंतर. कायमचं.

अंजनगावकडे एक म्हातारेबाबा होते. त्यांच्या तळव्याला जखम नव्हती, आणि इतक्या जुन्या बधिर पायाला जखम नसणं ही मोठी कमाई असते. मी तरुण कर्मचाऱ्यांना त्यांचा पाय दाखवायला नेत असे. एकदा त्यांच्याच गावात दुसऱ्या एका रुग्णावर माझा आवाज चढला, भर रस्त्यात. मग बाबांच्या ओट्यावर येऊन बसलो. काही बोलावंसं वाटत नव्हतं. त्यांनी पाय घमेल्यात सोडले होते. मी म्हणालो, बाबा, माझ्यासारख्यानं हे काम करू नये. ते पाय चोळत म्हणाले, “तुमी रागावता साहेब, पन येता. गोड गोड बोलून गेलेले मंग आलेच नाई.”

बाबा ख्रिस्ती नव्हते. पंढरीची वारी केलेले माळकरी होते. देव मला उत्तर कुणाकडून देईल याचीही माझ्याकडे एक चुकीची यादी होती.

ते पुढे जे बोलले ते मी तेव्हा फारसं ऐकलं नाही, नंतर आठवलं. मी विचारलं होतं की तुम्हाला कंटाळा नाही येत, रोज हेच? ते म्हणाले, कंटाळा कसला, पाय आपलाच आहे ना. त्यांच्या त्या बोलण्यात स्वतःच्या पायाबद्दल घृणा नव्हती, आणि तो जसा आहे तसा चालेल असा ढिलेपणाही नव्हता. माझ्या रागाकडे मी आजवर या दोनच तऱ्हांनी पाहत आलो होतो. एक तर मी नालायक, किंवा मग स्वभावाला औषध नाही. बाबांनी तिसरी तऱ्हा पायावर करून दाखवली. क्षमा झालेली आहे, ती बाब संपली, त्यावर रोज शंका घ्यायची नाही. आणि जो भाग बधिर आहे तो बधिर आहे हे ओळखून रोज संध्याकाळी डोळ्यांनी तपासायचा, दिसला नाही तर घरच्या माणसाला विचारायचा. मी बायकोला विचारायला लागलो. आज कुठे लागलं, असं. ती सांगते. ऐकणं सोपं नसतं, पण पूर्वी जखम चिघळल्यावर कळायची, आता लवकर कळते.

माफी मागण्याचीही एक रीत मी स्वतःसाठी ठरवली. ज्याच्यावर ओरडलो त्याच्याच घरी, त्याच्याच माणसांदेखत, आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी. कारण ओरडताना माणसं होती, तर माफीलाही असावीत. गोळ्या लपवणाऱ्या त्या बाईंच्या घरी मी असाच गेलो होतो. मुलीला समोर बसवून सांगितलं की काल मी बोललो ते चुकीचं होतं, तुझ्या आईनं तुझाच विचार केला होता. मग आम्ही तिघांनी मिळून तारखा पाहिल्या. औषध थांबवणं धोक्याचं आहे, पण वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून काही वेगळं करता येतं का पाहू, असं मी म्हणालो. बाईंनी औषध पूर्ण केलं. मुलीचं लग्न झालं की नाही हे मला कळलं नाही, माझी बदली झाली.

माझ्या नोकरीच्या काळात बाहेर पुष्कळ बदललं. 2005 च्या अखेरीस दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण या निकषावर देशपातळीवर कुष्ठरोगाचं दूरीकरण गाठलं गेलं. आमची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली. 1898 चा लेपर्स ॲक्ट 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 साली कायद्यातून काढलं गेलं. त्या दिवशी मी बातमी कापून ठेवली. किती बायका त्या एका कलमाच्या भीतीनं चट्टा पदराखाली झाकून बसल्या असतील. तरी रोग संपलेला नाही. मेळघाटात, विदर्भाच्या जंगलपट्ट्यांत नवे रुग्ण निघतातच, लहान मुलांतही निघतात, आणि मूल निघालं याचा अर्थ त्याच्या आसपास कुणीतरी औषधावाचून आहे.

निवृत्तीनंतर शेवटी मी एका रविवारी साक्ष द्यायला उभा राहिलो. फार बोललो नाही. मी तापट आहे, प्रभूनं मला कामावरून काढलं नाही, आणि माझ्या रागाचा त्रास ज्यांना झाला त्यातली एक व्यक्ती इथे बसली आहे, तिचे मी आभार मानतो, एवढंच म्हटलं. नंतर एक तरुण माझ्याजवळ आला. चांगली नोकरी असलेला, गाणारा मुलगा. म्हणाला, काका, मला वाटत होतं मंडळीत मी एकटाच असा आहे. आम्ही दोघं बराच वेळ चर्चच्या फाटकाशी उभे होतो. त्याचा दोष काय ते इथे लिहायचं नाही. पण उत्तेजन हे असंच हातातून हातात जातं असा माझा अनुभव आहे. धडधाकट माणसाकडून ते मला क्वचितच मिळालं.

हल्ली एक नवी आरोग्य कर्मचारी अधूनमधून फोन करते. हिंदू घरातली मुलगी, हुशार, कामाला वाघीण. रुग्णाच्या सहवासातल्या माणसांना रोग होऊ नये म्हणून आता रिफॅम्पिसिनचा एकच डोस देतात, ते काम तिच्याकडे आहे. लोक घेत नाहीत, कारण गोळी घेतली की शेजाऱ्यांना कळतं. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. एका घरात ती भडकली, त्यांनी दार लावून घेतलं. “काका, मी या कामाच्या लायकीची नाही,” म्हणाली. मी तिला देवाचं काही सांगितलं नाही, म्हातारेबाबांनी काय म्हटलं होतं ते सांगितलं. उद्याच जा, काही समजावू नको, आधी फक्त चुकलं म्हण, आणि पाणी दिलं तर पी, इतकं सांगितलं. फोन ठेवल्यावर तिच्यासाठी प्रार्थना केली.

ती गेली. त्या घरातल्या सासऱ्यानं तिला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. घरातल्या दोघांनी गोळी घेतली. सुनेनं अजून घेतलेली नाही. शुक्रवारी ती पुन्हा जाणार आहे.